चूक न होऊ देणारे व्याकरण

मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकविण्यासाठी निघालेल्या जोड-ठोकळ्यांच्या संचांकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वळावे, याचे कारण इतकेच की हे संच म्हणजे लहानशा कृत्रिम भाषाच होत. ठोकळा हे पद, जोडणी हा अन्वय आणि पेटलेला दिवा हे सिद्ध झालेले वाक्य.

अया ब्देर यांनी स्थापिलेल्या कंपनीचा 'लिटलबिट्स' हा संच २०११ पासून प्रसिद्धीस आला. त्यात निळा ठोकळा वीज पुरवी, गुलाबी आज्ञा घेई, हिरवा कार्य करी, नारिंगी दुवा जोडी. टोकांची चुंबके अशी बसविलेली की उलट जोडणी मुळी होऊच नये. अव्याकरणिक वाक्य अशक्य करून टाकणारे हे व्याकरण होय. भीती नाहीशी होते, हा त्याचा गुण मी कमी लेखीत नाही.

तथापि भाषा शिकणारे मूल नियम पकडते ते आपणांस कशावरून कळते? 'केला' ऐवजी ते 'करला' म्हणते यावरून. 'बसला', 'भरला' यांतील नियम त्याने स्वतः हुडकला, म्हणूनच ते चुकले. जेथे चुकताच येत नाही, तेथे मुलाने नियम शोधला की केवळ रंग जुळविले, हे शिक्षकास कळावे कसे?

दुसरा दोष अधिक खोल आहे. आंद्रे मार्तिने यांनी भाषेची रचना दुहेरी मानली : अर्थयुक्त रूपिमे, आणि ती ज्यांची बनतात ते अर्थहीन स्वनिम. वरील संच मुलाला पहिल्याच पातळीवर थांबवितो. रोधक, धारित्र पट्टीवर डोळ्यांस दिसतात, पण हलविता येत नाहीत. वैराग येथे असा संच हाताळणाऱ्या सातवीतील एका मुलाने मला विचारले, "सर, दिवा मंद करायचा तुकडा कुठाय?" त्याला संबंध हवा होता, संचाने त्याला नाम मागावयास शिकविले होते. पश्चिम जर्मनीत १९६०च्या दशकात ब्राऊन कंपनीने विकलेल्या 'लेक्ट्रॉन' संचात ठोकळ्यावर एकेका घटकाचे चिन्ह असे आणि मांडलेले ठोकळे हीच परिपथाची आकृती होई. चुंबके तेथेही होती. परंतु ती पातळी झाकली गेली नाही.

हा प्रश्न केवळ रचनेचा नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे काय विकत घ्यावयाचे, हा निर्णय शाळांपुढे आला. पाबळच्या विज्ञान आश्रमात श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून प्रत्यक्ष कामातून शिकण्याची जी पद्धत रुजविली, तीत चुकीची जोडणी झाकून राहत नाही, ही गोष्ट अशा खरेदीच्या वेळी आठवावयास हवी.

वैरागच्या त्या मुलास मी दुसऱ्या दिवशी तीन सेल, एक रोधक, एक एलईडी आणि वायरचे तुकडे दिले. एलईडी उलटा लागला, दिवा पेटेना. त्याने तो फिरविला, पेटला. पुढे रोधकालाही दिशा असणारच असे धरून तो प्रत्येक वेळी त्याची तीच बाजू शोधून लावीत राहिला. 'करला'च्या जातीची ही चूक. संचाने ती त्याला कधी करू दिली नसती.