व्हॉट्सॲपवरचा अभ्यास : उत्तरे फार, प्रश्न थोडे

दिवाळीची सुटी संपली की दहावीच्या वर्गांचे व्हॉट्सॲप गट जागे होतात. विज्ञान भाग 1 आणि भाग 2 च्या 'हमखास' प्रश्नांच्या याद्या, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, टिपणांच्या पीडीएफ, यूट्यूबवरील तासांचे दुवे असा माल सकाळपासून रात्रीपर्यंत येत राहतो. शिक्षकांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. सुटीच्या दिवशीही विद्यार्थ्यांसाठी वेळ काढणारी ही मंडळी आहेत. आमचा आक्षेप मालाविषयी आहे. त्यात जवळजवळ सगळी उत्तरेच असतात.

तयार उत्तर वाचताना ते आपल्याला येतेच असे वाटू लागते. परीक्षेत मात्र ते समोर नसताना आठवून लिहायचे असते. हा फरक रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोजून दाखवला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचलेलाच अधिक आठवत होता. आठवड्यानंतर मात्र उलटे झाले. लिहून काढलेल्या उताऱ्यातील सुमारे 56 टक्के मजकूर टिकला, पुन्हा वाचलेल्यातील सुमारे 42 टक्के. लिहून काढल्यावर त्यांना बरोबर उत्तर कोणी दाखवलेही नव्हते!

मग गटावर पाठवायचे काय? भिंगाचेच उदाहरण घेऊ. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 10 सेंमी आहे आणि वस्तू 20 सेंमीवर ठेवली आहे. वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे विसरलेला विद्यार्थी प्रतिमा 6.7 सेंमीवर, भिंगाच्या पलीकडे काढतो. ही चूक दरवर्षी उत्तरपत्रिकांत भेटते. शिक्षकांनी बरोबर गणिताऐवजी हे चुकलेले गणितच (अर्थात मुलाचे नाव न देता) फळ्यावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवावे आणि विचारावे : सूत्राला हात न लावता हे उत्तर अशक्य आहे, हे कसे ओळखाल? अतिशय दूरच्या वस्तूची प्रतिमा 10 सेंमीवर पडते. वस्तू जवळ आणावी तशी वास्तव प्रतिमा भिंगापासून लांब सरकते. तेव्हा ती 10 सेंमीच्या आत मिळूच शकत नाही. ती 20 सेंमीवर मिळते. एवढा विचार ज्याने केला त्याला चिन्हसंकेत निराळा घोकावा लागत नाही.

व्हॉट्सॲपवर 'फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील' अशी सोय 2018 पासून आहे आणि अनेक गट तीच लावून ठेवतात. 'गुड मॉर्निंग'चा पूर टळतो हे खरे, पण मग तो गट सूचनाफलकच उरतो. मुलाला शंका विचारायला जागा नाही. बहुपर्यायी प्रश्नासाठी मतदान घ्यावे, तर आधीच्यांची मते दिसत असल्यास हुशार मुलाच्या मागे सगळे जातात. टेलिग्रामवर 2020 पासून मिळणारा प्रश्नमंजूषेचा प्रकार यासाठी बरा, कारण तेथे स्वतःचे उत्तर दिल्याखेरीज निकाल दिसत नाही.

पुष्कळ घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून रात्री आठच्या सुमारास एकच प्रश्न पाठवावा, उत्तर वहीत लिहायला सांगावे, आणि गटावर ते मुळीच न देता दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या उघडून चर्चा करावी. ज्याच्या घरी फोन पोचलाच नाही, त्यानेही मधल्या सुटीत मित्राकडून प्रश्न उतरवून घेतलेला असतो.