भाच्याचा टर्बो

आमच्या कामोठ्यातून निघालेली कुठलीही मोटार कळंबोलीच्या सर्कलला बैलगाडी होते. तरी भाच्याला जुन्या मारुती ८०० ला टर्बो बसवायचाय! त्याने एक माहितीपुस्तिका माझ्यापुढे टाकली. म्हणाला, "मामा, वाचून अभिप्राय द्या."

अभिप्राय असा. शैली ओघवती आहे. सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या तापल्या धुरावर चक्र फिरवायचं आणि त्याच्या जोरावर इंजिनात हवा कोंबायची, ही आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरची १९०५ सालची युक्ती लेखकाने पंधरा पानं रंगवलीय. पण नायकाच्या जेवणाखाण्याची सोय कुठेच नाही! हवा वाढली की पेट्रोलही त्या मापात वाढायला हवं. ते कमी पडलं तर मिश्रण भलत्या वेळी भडकतं, इंजिन ठोके देतं आणि पिस्टनला भोक पडतं. दाबलेली हवा तापते, तिला गार करायला इंटरकूलर हवा. चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं. गाडी दामटून आणून लगेच किल्ली बंद केली, तर त्याचं तेल जागीच करपतं. एवढ्या सगळ्याला अर्धं पान. ब्रेकना एक ओळ. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम? लेखकाच्या गावीही नाही.

भाचा हिरमुसला. "मग करू काय?"

"आधी आहे त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासून घे."

घेतलं. तीनपैकी एका सिलिंडरला दमा निघाला. टर्बोच्या पैशांत सध्या पिस्टन-रिंगा बसताहेत.