सही कोणाची? रॅप गायक आणि जबाबदारीचा प्रश्न

प्रस्तावना

रॅपवर वर्गात चर्चा सुरू केली की दहा मिनिटांत ती शिव्यांपाशी येऊन अडकते. एक गट म्हणतो, ही गाणी मुलांना बिघडवतात. दुसरा म्हणतो, गायक जे पाहतो तेच सांगतो. दोन्ही गटांचे लक्ष शब्दांवर असते, बोलणाऱ्यावर कोणाचेच नसते. या टिपणात आपण आधी बोलणाऱ्याकडे पाहू. मुद्दा असा की रॅप गायक आपल्या बोलावर स्वतःच्या नावाची आणि पत्त्याची सही करतो. त्याची जबाबदारी मोजायची असेल तर ती सही त्याने कोणाच्या वतीने केली आणि त्या माणसांना गाण्यात कोणती जागा मिळाली, हे तपासायला हवे.

१. नाव आणि पत्ता

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका इमारतीत डीजे कूल हर्क याने वाजवलेल्या पार्टीपासून हिपहॉपची सुरुवात मानतात. पुढे रॅपमध्ये गायकाने आपले नाव, आपली गल्ली आणि आपली माणसे गाण्यातच सांगण्याची रीत पडली. मराठी कानाला ही रीत परकी वाटू नये. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते, पोवाड्यात शाहीर आपले नाव गुंफतो, वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांत ‘वामन’ येतो. हे नाव म्हणजे ‘हे मी म्हणतो आहे, विचारायचे असेल तर मला विचारा’ अशी हमी असते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे लवकर समजते. नकाशावर सही करणाऱ्यालाच पूल खचल्यावर जाब विचारला जातो. गाण्याने पूल खचत नाही. पण ‘मी वस्तीच्या वतीने बोलतो’ असे जो म्हणतो, त्याने वस्तीला उत्तर द्यायला हवे.

२. आरे: माईक कोणाच्या हाती

मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे आणले. विषय होता आरेचे जंगल आणि तिथले आदिवासी पाडे. शीर्षक वाचताच १९४५ चा ठाणे जिल्ह्यातील वारली उठाव आणि गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आठवते. गाण्याचे खरे बळ मात्र त्याच्या रचनेत आहे. शहरी रॅप गायकांनी आदिवासींचे दुःख परस्पर सांगून टाकले नाही. आरेतच राहणारे प्रकाश भोईर या गाण्यात सहभागी आहेत. ज्यांची गोष्ट, त्यांचाही आवाज, त्यांचीही सही.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री मेट्रो कारशेडसाठी आरेत वृक्षतोड सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक झाडे पडली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढील तोड थांबवली. हे गाण्यामुळे घडले, असे म्हणणे चूक ठरेल. ते पत्राने आणि आंदोलनाने घडले. कलेच्या ‘प्रभावा’वर लिहिताना विद्यार्थी नेहमी इथे घसरतात, आधी गाणे आले आणि मग घटना घडली एवढ्यावरून कार्यकारणभाव जोडून टाकतात. गाणे याहून साधे पण टिकाऊ काम करते. मुंबईच्या नकाशात आदिवासी पाडे आहेत, हे ज्या तरुणाला माहीतच नव्हते, त्याच्यापर्यंत ते पोहोचवते.

महादेव कोळी समाजातून आलेली माही जी ‘जंगलचा राजा’मध्ये आदिवासी आणि जंगलाच्या नात्यावर रॅप करते. तिथे सांगणारी आणि जिचे सांगायचे ती, एकच आहे.

३. ताडीवाला रोड: सहीत कोण नाही

पुण्याच्या ताडीवाला रोड वस्तीतून आलेला अल्ताफ शेख म्हणजे एमसी स्टॅन. त्याच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘तडीपार’ (२०२०). पोलिसांनी हद्दपार केलेल्या माणसासाठी वापरला जाणारा शब्द त्याने शीर्षक म्हणून मिरवला. ज्या पत्त्याची मुले लाजायची, तोच पत्ता त्याने अभिमानाचा केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकला, आणि वस्तीतल्या मुलाला देशाने मते दिली. हा प्रभाव खरा आहे. त्याला नाक मुरडणाऱ्यांनी आधी तो समजून घ्यावा.

शिव्यांमुळे हे लेखन हीन ठरते, असेही म्हणता येणार नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) हा वाद मराठीत केव्हाच निकालात काढला. तिथली भाषा जेवढी उग्र, तेवढीच ती वेश्यावस्तीतल्या माणसांच्या बाजूची आहे. स्टॅनच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या कित्येक गाण्यांत स्त्रीचा उल्लेख तुच्छतेने येतो. वस्तीत आई, बहीण, कामावर जाणारी बाईही राहते. वस्तीच्या नावाने केलेल्या सहीत ती कुठे आहे? पत्ता सगळ्यांचा आणि बोलणे फक्त तरण्या पोरांचे असेल, तर सही अपुरी राहते.

मार्च २०२३ मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम बजरंग दलाच्या विरोधामुळे बंद पडला. गाण्याला असे उत्तर देणे चूकच. त्यातून वस्तीतल्या त्या बाईला काहीच मिळाले नाही, गायकाला मात्र छळ सोसल्याचे वलय मिळाले.

इथे श्रोत्याचीही जागा आहे. भिलाईच्या सेक्टर २ मध्ये विदर्भातून आलेल्या कुटुंबातला मुलगा कानात हे गाणे घालून फिरतो, तेव्हा ताडीवाला रोड त्याने पाहिलेला नसतो. पत्ता गळून जातो, उरतो तो आवेश. हीच गाणी स्नेहसंमेलनात ‘शिव्या गाळून’ मंजूर होतात. शब्द गाळला तरी तुच्छता तशीच राहते, हे निवड करणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

४. जाब कोणाला विचारला गेला

एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे याच्यावर राज्यातील सत्तांतराची टर उडवणाऱ्या रॅपबद्दल अंबरनाथ येथे गुन्हा नोंदवला गेला. गाण्यात कोणाचेही नाव नव्हते, तरी सत्ताधारी पक्षाच्या पदाधिकाऱ्याने तक्रार केली. त्याच सुमारास मुंबईचा उमेश खाडे याच्यावरही ‘भोंगळी केली जनता’ या रॅपसाठी गुन्हा दाखल झाला.

दोन्ही प्रसंग फेब्रुवारीतल्या त्या विजयाशेजारी ठेवून पाहा. स्त्रीला हिणवणाऱ्या ओळींचा गायक वाहिनीवर विजेता झाला, पुढाऱ्यांना टोचणाऱ्या ओळींच्या गायकांमागे पोलीस लागले. ‘कलावंताची जबाबदारी’ हे शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा सत्तेला खुपल्यावरच आठवतात.

कायद्याची किमान रेषा विद्यार्थ्यांना ठाऊक हवी. संविधानाचे कलम १९(१)(क) अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते, १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देते. श्रेया सिंघल प्रकरणात (२४ मार्च २०१५) सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. टर उडवणे म्हणजे चिथावणी नव्हे. आणि कायद्याने जे चालते ते सगळे जबाबदार असतेच, असेही नाही. त्यापुढचे काम समीक्षेचे आहे. राजकीय रॅपही तिच्यातून सुटत नाही. आरोप पडताळता येतो का, नेत्यावरचा राग त्याच्या घरातल्या बाईवर किंवा जातीवर उतरतो का, हे तिथेही विचारावे.

समारोप

रॅप गायकाने उपदेशक व्हावे, अशी अपेक्षा नाही. त्याने आपली सही पाळावी, एवढेच मागणे आहे. ज्यांच्या नावाने बोलतो त्यांच्यासमोर उभे राहून तेच गाणे म्हणता यावे. आरेच्या गाण्यात ही कसोटी उतरते. स्टॅनच्या गाण्यात ती निम्मीच उतरते. मुंगासे आणि खाडे यांच्या बाबतीत ही कसोटी लावण्याआधीच पोलिसांत तक्रार झाली. त्यात तोटा गायकांचा झालाच, पण आपलाही झाला, कारण ते गाणे चांगले की वाईट, यावर बोलायची संधीच आपल्याला मिळाली नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तुम्ही रोज ऐकता त्या एका रॅप गाण्यात गायक कोणाच्या वतीने बोलतो? त्या गटातील कोणाला आवाज मिळालेला नाही?

२. शाहिराची नाममुद्रा आणि रॅप गायकाने घेतलेले टोपणनाव यांत हमीच्या दृष्टीने काय फरक पडतो?

३. स्नेहसंमेलनासाठी गाणी निवडायची आहेत. शिव्या गाळण्याऐवजी तुम्ही कोणता निकष लावाल? कारणे द्या.