विचारणारा कोण? : ‘ख्रिस्तपुराणा’तील श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची (१६१६) चर्चा आपल्याकडे बहुधा त्यातील मराठीस्तुतीपाशी घुटमळते. एका इंग्रज जेझुइटाने मराठीचा गौरव केला याचे अप्रूप इतके, की तो गौरव कोणत्या भूमीवर झाला हा प्रश्न मागे पडतो. ही भूमी गोव्यातील साष्टीची. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केले. स्टीफन्स १५७९ पासून गोव्यात होते. ग्रंथ साष्टीतल्याच रायतूरला, रोमन लिपीत छापला गेला.

या इतिहासाची खूण संहितेतच आहे. आरंभी नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो, की जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे. हा श्रोता अर्थातच ग्रंथकर्त्याने घडवलेला आहे. त्याच्या शब्दांना एतद्देशीयांची साक्ष म्हणता येणार नाही. तथापि ही पोकळी मान्य केल्यावाचून नव्या पुराणाला प्रयोजनच उरत नाही. म्हणजे सत्तेच्या बाजूने लिहिलेल्या संहितेला स्वतःच्या समर्थनासाठी हरवलेल्याची नोंद करावी लागते.

मेक्सिकोतील समकालीन उदाहरण येथे उद्बोधक ठरते. बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन पाद्र्याने नाहुआ वृद्धांना त्यांच्या देवतांविषयी, चालीरीतींविषयी विचारले आणि त्यांची उत्तरे नाहुआत्ल भाषेत उतरवून घेतली. या कामातील आंतोनियो व्हालेरियानो आदी नाहुआ सहकाऱ्यांची नावेही त्याने नोंदवली. तेथे पाद्री विचारतो, एतद्देशीय सांगतो. ‘ख्रिस्तपुराणा’त हे नाते उलटे आहे: एतद्देशीय विचारतो, आणि सांगण्याचा अधिकार पाद्र्याकडे जातो. राज्यसत्तेला मात्र दोन्ही व्यवहार फार काळ मानवले नाहीत. १५७७ मध्ये स्पेनच्या राजाने साआगूनचे लेखन जप्त करण्याचा हुकूम काढला. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली.

तरीही श्रोत्याच्या हाती काहीच उरले नाही, असे म्हणता येत नाही. ओवी, श्रोता-वक्ता संवाद, पुराणश्रवणाची रीत हे सारे त्याचेच आहे. राधानगरीकडच्या खेड्यांत श्रावणात पोथी लागते, तिच्यामागे हीच रीत आहे. कथा बदलावी लागली. ऐकण्याची पद्धत मात्र पाद्र्यालाच स्वीकारावी लागली.

म्हणूनच पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात असलेली, सोळाव्या शतकात रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारतकथांची हस्तलिखिते ‘ख्रिस्तपुराणा’शेजारी ठेवून अभ्यासली पाहिजेत. त्या श्रोत्याने काय गमावले होते, ते मराठीस्तुतीच्या ओव्यांपेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसते.