न सापडण्याची सोय

शास्त्रज्ञाचे कर्तृत्व जोखताना आपण त्याची यंत्रे पाहतो, सूत्रे पाहतो. त्याच्या गद्याकडे सहसा कोणी वळत नाही. कॅल्व्हिन मूअर्स या अमेरिकन गृहस्थाच्या बाबतीत मात्र मला उलटे करावेसे वाटते. 1959 साली त्याने मांडलेले एक वाक्य त्याच्या सगळ्या यंत्रांना पुरून उरले आहे, आणि बहुतेकांनी ते अर्धेच वाचले आहे असे माझे मत आहे.

मूअर्स 1919 साली मिनियापोलिसला जन्मला. गणिताची पदवी घेऊन युद्धकाळात तो नौदलाच्या आयुध-प्रयोगशाळेत राहिला. पुढे 1948 साली एमआयटीतून गणित व पदार्थविज्ञान यांतील वरची पदवी घेतली. शास्त्रीय कागदांचे ढीग वाढत होते, हवा तो कागद हाती लागत नव्हता. या शोधाशोधीला 'इन्फर्मेशन रिट्रीव्हल' हे नाव त्यानेच 1950 साली दिले. साठवलेली माहिती वेळेवर परत हाती लागणे, एवढाच त्याचा अर्थ.

त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. कार्डाच्या कडेवर 40 जागा. प्रत्येक विषयाला त्यांपैकी चार जागा, त्याही चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा. एका कार्डावर अनेक विषयांच्या खाचा एकावर एक पडत. हव्या त्या जागी सळ्या लावून गठ्ठा हलवला, की सगळ्या खाचा जुळलेली कार्डे खाली घसरत. आपल्या बायका सूप हलवून दाणा आणि कोंडा वेगळा करतात, त्यातलाच प्रकार. खाचांच्या गर्दीत एखादे भलतेच कार्डही पडे. पण असे किती पडेल याचा हिशेब मूअर्सने आधीच केलेला असे. चूक नाकारण्यापेक्षा ती मोजून पदरात घेणे, हा मला त्याच्या बुद्धीचा खरा दागिना वाटतो.

आता ते वाक्य. त्याचा आशय असा की, माहिती जवळ असणे हे ती नसण्यापेक्षा अधिक क्लेशाचे होत असेल, तर ती काढून देणारी व्यवस्था माणसे वापरणार नाहीत. यावरून लोकांनी धडा घेतला तो व्यवस्था सोपी करण्याचा: खण गुळगुळीत करा, कळ हाताशी ठेवा. धडा वाईट नाही, पण मूअर्सचा रोख निराळा होता. माहिती हाती आली की ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, तिच्यावर निर्णय करावा लागतो. आणि कधी कधी तीच सांगते, की तुमचे इतक्या वर्षांचे काम चुकीचे होते. वाक्य खणाविषयी नाही, खणासमोर उभ्या असलेल्या माणसाविषयी आहे. म्हणून मी ते साहित्यात जमा करतो.

दोष सांगितलाच पाहिजे. 1964 साली त्याने 'ट्रॅक' ही संगणकाची भाषा सिद्ध केली आणि तिच्यात कोणी फेरफार करू नये म्हणून नावाला व्यापारचिन्हाचे कुलूप घातले. भाषा फारशी पसरली नाही. जवळ येणाऱ्याला त्रास झाला तर तो परत जातो, हे ज्याने जगाला सांगितले त्यानेच आपल्या दारात काटे पसरावेत, हे नवलच! 1994 साली तो वारला. असो.

हे सारे मी तटस्थपणे लिहिले असते. परंतु निवृत्तीनंतर मी वडिलांच्या पत्रांची सूची केली, तारीखवार, गावनिहाय. सूची चोख आहे; कोणतेही पत्र दोन मिनिटांत निघते. त्यातले 61 क्रमांकाचे पाकीट थोरल्या काकांच्या हातचे, कोकणातल्या घराची वाटणी झाली त्या वर्षीचे. ते मी उघडलेले नाही. त्या वाटणीत आमच्या आत्याला काही मिळाले नव्हते, आणि वडिलांना ते ठाऊक होते की नव्हते, हे बहुधा त्या पाकिटात आहे. धाकटी बहीण दर दिवाळीला विचारते, "दादा, काकांचं ते पत्र सापडलं का रे?" मी म्हणतो, "शोधतोय."

यंदा भाऊबीजेला ती येणार आहे. हा अंक तिच्याकडेही जातो.