सोवळे आणि सोयरे : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या पनवेलच्या धर्मग्रामात एक लहानसे वाचनमंडळ चालते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळची मिस्सा आटोपल्यावर आठ-दहा माणसे सभागृहातील एका कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसतात. कुणी वसईहून सिडकोच्या वसाहतीत येऊन स्थिरावलेले, कुणी मंगळूरकडचे, कुणी केरळचे. एक आजीबाई कोर्लईच्या आहेत, ज्यांच्या माहेरची बोली आजही पोर्तुगीज वळणाची आहे. मराठी ही या सर्वांची घरची भाषा नव्हे. परंतु बाजाराची, शेजाराची आणि मुलांच्या शाळेची भाषा म्हणून ती सर्वांना येते. या मंडळाने पहिले पुस्तक निवडले ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’.

सुरुवातीलाच एक कबुली द्यावयास हवी. सेमिनरीत असताना मी हे पुस्तक वाचले होते, परंतु ते ‘प्रॉटेस्टंटांचे पुस्तक’ म्हणून. रेव्हरंड टिळकांची भजने आज आपल्याही मंदिरांत गायिली जातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसृत करून आपल्याला विभक्त बांधवांकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. असे असूनही मनाच्या कप्प्यांना लावलेल्या कड्या काही आदेशाने निघत नाहीत. पुस्तक आवडले, हसू आले, आणि मी ते मिटून ठेवले. तीस वर्षांनी ते पुन्हा उघडले तेव्हा जे दिसले, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

कथानक बहुतेकांस परिचित आहे. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले कुटुंबात जन्मलेल्या मनकर्णिकेचा विवाह अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी होते, विद्वान होते आणि विलक्षण लहरी होते. हाती आलेला पैसा देऊन टाकावा, घरात दाणा आहे की नाही याची चौकशी करू नये, मनात आले की गाव सोडून निघावे, अशी त्यांची तऱ्हा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी आणि लहानगा दत्तू मागे राहिले. पुढील सुमारे पाच वर्षे हे कुटुंब दुभंगलेले होते. त्यानंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

एवढ्या मजकुरावर एखादा लेखक मोठे धर्मांतरचरित्र लिहिता. तसा नमुना मराठीत उपलब्धही होता. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकातलेच. त्याच्या नावातच त्याची मांडणी आहे. आधी रात्र, मग उजेड. मागे राहिलेले घर हे रात्रीच्या बाजूला पडते आणि नवे घर उजेडाच्या. बाबा पदमनजींची योग्यता मी कमी लेखत नाही, त्यांच्या धैर्याला तोड नाही. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की लक्ष्मीबाईंनी ही रेघ मुळी ओढलीच नाही. ज्या माणसांना त्यांनी मागे सोडले ती माणसे पुस्तकात शेवटपर्यंत जिवंत, हसरी, भांडखोर आणि प्रिय राहतात. त्यांच्या वाट्याला काळोख येत नाही.

पुस्तकाच्या आरंभीचे वडिलांचे चित्र पाहा. या गृहस्थांना सोवळ्याचे वेड होते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावयाची, अगदी मीठसुद्धा. त्या घरातल्या बायकामुलांचे किती हाल झाले असतील याची कल्पना करवत नाही. एखादी कडवट लेखणी येथे सूड घेती. विशेषतः पुढे ज्या बाईने जातिभेद मुळासकट टाकला, तिला तर हा आयता दाखला होता. लक्ष्मीबाई मात्र त्या वेडाचा उगम सांगतात, त्यातली गंमत सांगतात, आणि वडिलांना माणूस म्हणून उभे करतात. आमच्या मंडळात हे प्रकरण मोठ्याने वाचले तेव्हा हशा पिकला. हशा ओसरल्यावर कोर्लईच्या आजी म्हणाल्या, “बाय हसते, पण बापाला हसत नाही.” समीक्षकांच्या अनेक पानांपेक्षा हे वाक्य मला अधिक नेमके वाटले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. टिळकांच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळी अशा स्त्रीची गत काय होती हे ध्यानात घ्यावयास हवे. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, सवाष्ण असून संशयास्पद, आणि मुलगा बाटलेल्या बापाचा. समाजाने बोट दाखवावयाचे तर याहून सोपी जागा नव्हती. अशा वेळी बहीण भिकूताई, तिचे यजमान पेंडसे आणि भाऊ यांनी तिला सावरले. तिला घरात ठेवले, तिच्या जिवाला जपले, पंढरपूरच्या वास्तव्यात सांभाळले. हे लोक सुधारक नव्हते. त्यांना टिळकांचे कृत्य मान्य होते असे तर मुळीच नव्हे. त्यांच्या दृष्टीने घरावर अरिष्टच आले होते. तरीही दार उघडे राहिले.

‘स्मृतिचित्रे’वर जे जे लिहिले गेले त्यात टिळकांचा विक्षिप्तपणा आणि लक्ष्मीबाईंचा विनोद यांनाच बहुतेक जागा मिळते. भिकूताई कडेला राहतात. माझ्या मते या पुस्तकाचा नैतिक कणा भिकूताई हाच आहे. ज्यांना आपले म्हणणे पटले त्यांच्याशी नाते टिकविणे सोपे असते. भिकूताईंना काहीही पटलेले नव्हते आणि त्यांनी नाते टिकविले.

दुसऱ्या बाजूने टिळकांचेही पाहावे. पत्नीला आपल्याकडे ओढून आणण्याचा हक्क त्या काळच्या पुरुषाला कायद्यानेही होता आणि रूढीनेही. टिळकांनी पत्रे लिहिली, कवितेतून लिहिली, आणि वाट पाहिली. लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आल्या तेव्हा त्या हिंदूच होत्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. मिशनच्या परिसरातील एका ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्नीने आपले सोवळे पाळावे आणि त्या प्रचारकाने ते सांभाळू द्यावे, हा प्रकार त्या वेळच्या दोन्ही समाजांना विचित्रच वाटला असणार. पुढे एके दिवशी जातीचा विचार त्यांच्या मनातून गळून पडला तो कुणाच्या प्रवचनाने नव्हे. आपण एकट्याच विचार करीत बसलो असता माणसे देवाने केली, मग जाती कुणी केल्या, या प्रश्नापाशी त्या पोहोचल्या आणि तेथून परत फिरल्या नाहीत. आम्हा प्रवचनकारांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आज ‘धर्मांतर’ हा शब्द ज्या स्वरात उच्चारला जातो तो स्वर वाचकांना ठाऊक आहे. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हाही काही मंडळींनी धर्माच्या नावाने आक्षेप घेतलाच. दिब्रिटोंनी शांतपणे ते पद भूषविले. 25 जुलै 2024 रोजी ते प्रभूघरी गेले. या पार्श्वभूमीवर एक साधी वस्तुस्थिती नोंदविण्यासारखी आहे. एका धर्मांतराचीच कथा सांगणारे हे पुस्तक मराठी हिंदू वाचकांनी आपले मानले. 1934 सालापासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले, त्यातील उतारे शाळेच्या पाठ्यपुस्तकांत आले, विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, आणि 2017 मध्ये शांता गोखले यांनी त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद केला. ज्यांचा धर्म तिने सोडला त्यांनीच तिला डोक्यावर घेतले. कारण शोधावयाचे तर ते मघाच्या आजींच्या वाक्यात आहे.

लक्ष्मीबाईंच्या घराचेही तसेच. त्या घरात कोण राहून गेले नाही? प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या शुश्रूषेला गेल्या, अनाथ पोरे घरी आली, आणि बालकवी ठोंबरे तर अहमदनगरच्या त्या घरात मुलासारखे वावरले. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांच्यावरील मायेला त्याची अट नव्हती. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, 1917 साली, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावावेत अशी त्यांची योजना होती. ईश्वरज्ञानाच्या दृष्टीने या योजनेवर मला आक्षेप आहेत, आणि ते येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. 1919 साली टिळक निवर्तले आणि ती योजना फारशी वाढली नाही. मात्र टिळकांनी जे कागदावर मांडले ते लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात आधीच चालू होते असे म्हणावेसे वाटते.

पुस्तकात दोष नाहीत असे नव्हे. कराचीच्या वास्तव्याचा उत्तरभाग विस्कळीत आहे. लेखिका 1936 साली वारल्या, आणि शेवटच्या पानांवर तिच्या हाताची ऊब कमी भासते. टिळकांच्या संतापाने आणि बेफिकिरीने घराची जी ओढाताण झाली तिच्यावर विनोदाचे पांघरूण जरा घाईनेच घातलेले आहे. आमच्या मंडळातील एक तरुण शिक्षिका यावर बरीच रागावली होती, आणि मला तिचा राग योग्य वाटला.

याहून गंभीर उणीव दुसरी. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार आणि मांग जातींतून आलेला होता. लक्ष्मीबाईंनी सोवळे टाकले ते या लोकांत राहण्यासाठी. सोवळे टाकणारीचे मन आपल्याला पानोपानी दिसते. परंतु ज्यांच्यासमोर ते टाकले गेले, ज्यांच्या हातचे पाणी इतकी वर्षे नाकारले गेले होते, त्यांना काय वाटले? त्या नव्या बाईंची वेगळी चूल पाहून शेजारची बायबलबाई रात्री नवऱ्याशी काय बोलली असेल? पुस्तक याविषयी जवळजवळ गप्प आहे. तो केवळ लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे. त्या स्त्रियांची ‘स्मृतिचित्रे’ कुणी लिहून घेतली नाहीत. आपल्या धर्मग्रामांतही जातीवरून बाके निराळी होती, कोठे कोठे स्मशानभूमीतील जागाही निराळी होती, हे विसरून आपण ही टीका केली तर ती आपल्यावरच उलटेल.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो. हे लिहावे की न लिहावे यावर बरेच दिवस गेले.

धर्मगुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत दुसऱ्या एका धर्मग्रामात मी सहायक होतो. एक गृहस्थ रडत आले. मुलीने अन्य धर्मीय मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. चर्चची परवानगी नाही, संस्कार नाही. त्यांनी विचारले, “फादर, तिला घरात घ्यावी काय?” ख्रिस्तसभेचा कायदा मला तोंडपाठ होता. विवाह नियमित होईपर्यंत घेऊ नये, म्हणजे तिला चुकीची जाणीव होईल, असे मी सांगितले. कायद्यात असे कोठेही लिहिलेले नाही. कायदा संस्काराविषयी बोलतो, उंबरठ्याविषयी नाही. उंबरठा मी माझ्या पदरचा घातला. त्या भल्या माणसाने धर्मगुरूचा शब्द मानला. विवाह नियमित झाला नाही आणि मुलगी घरी आली नाही. अनेक वर्षांनी ते वारले तेव्हा अंत्यविधीस मी मुद्दाम गेलो होतो. दफनाच्या वेळी मुलगी दोन मुलांना घेऊन स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर उभी होती. तिला मी ओळखले. प्रार्थना संपल्यावर मी पाद्रीवेष उतरविला, लोकांशी बोललो, आणि फाटकापर्यंत गेलो नाही.

भिकूताईंचे प्रकरण मंडळात मी स्वतः वाचावयास घेतले होते. अर्ध्यावर आवाज बसला म्हणून पुस्तक शिक्षिकेच्या हाती दिले. घसा धरला आहे असे सांगितले. बाहेर पाऊस होता, त्यामुळे कुणाला ते खोटे वाटले नसावे.

त्या संध्याकाळी चर्चा लांबली. मंडळातील एका गृहस्थांचा भाऊ काही वर्षांपूर्वी कॅथॉलिक मंदिर सोडून दुसऱ्या प्रार्थनासंघात गेला आहे. दोघांच्या घरांत पंधरा मिनिटांचे अंतर, आणि बोलणे बंद. आईच्या आजारपणाची बातमीसुद्धा एकमेकांस कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातून कळते. त्या गटातही दोघे निवडणुकीवरून भांडून एकदा बाहेर पडले होते. ते म्हणाले, “भिकूताईला हे जमले कारण बहीण तिच्या घरात होती. माझा भाऊ समोर आला की मला आधी त्याचे प्रवचन ऐकावे लागते.” सारे हसले. मग आजींनी विचारले, “आणि तू त्याला तुझे ऐकवत नाहीस काय?” त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीस ते आले, त्याच्या पुढच्याही आले. भावाचा विषय मात्र कुणी काढला नाही, मीही नाही.

पुस्तक संपावयास पाच महिने लागले. टिळकांनी आरंभिलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पतीच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आता ते वाचावे असा काहींचा आग्रह आहे. काहींना ते जड वाटते. त्यांना फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ हवे आहे, जे त्याहून जड आहे हे त्यांना अद्याप ठाऊक नाही.

फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलीचा पत्ता गेल्या महिन्यात मला मिळाला. ती आता पनवेलपासून फार दूर राहत नाही, लोकलने तासाभराचा रस्ता आहे. ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर काय लिहावे ते ठरत नाही म्हणून ती अजून टेबलावरच आहे.