फुलममधल्या बायका आणि पंडिता रमाबाईंचा प्रश्न

सेवेसाठी परमुलखात गेलेल्या माणसांच्या अनुभवकथनात एक वाक्य हमखास येतं: द्यायला गेलो होतो, पण घेऊनच परतलो. वाक्य खोटं नसतं. पण ते आलं की लेखनातली दुःखी माणसं मागे सरकतात आणि लेखकाचं मन पुढे येतं. पंडिता रमाबाईंची ‘अ टेस्टिमनी’ ही १९०७ साली इंग्रजीत छापलेली छोटी साक्ष याच जातकुळीतली. परदेशी करुणा पाहिली आणि श्रद्धा गवसली, असा तिचा सांगाडा. तरीही ती त्या वाक्यापाशी थांबत नाही. का थांबत नाही, हे मला तपासायचं आहे.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. पती बिपिनबिहारी मेधावी आदल्या वर्षीच वारले होते, कडेवर मनोरमा होती. वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या जोगिणींनी त्यांना राहायला जागा दिली आणि हिंदुस्थानात कामासाठी निघालेल्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवावं असं ठरलं. म्हणजे मिशनऱ्यांना मिशनसाठी तयार करणारी गुरू ही तेव्हा ख्रिस्ती नसलेली ब्राह्मण विधवा होती. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकी राहून गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

साक्षीतला कळीचा प्रसंग लंडनजवळच्या फुलमचा आहे. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी जोगिणी तिथे आश्रम चालवत. रमाबाईंना तिथे सगळ्यात जास्त काय दिसलं? जोगिणींची माया दिसलीच. पण त्या नोंदवतात ते असं, की कधीकाळी त्या आश्रमात आणलेल्याच काही बायका आता आजाऱ्यांची नि अपंगांची सेवा करत होत्या. काल जिच्यावर दया केली जात होती, ती आज दुसऱ्याला हात देत होती. माझ्या मते या लेखनाची खरी ताकद या एका निरीक्षणात आहे. दया करणाऱ्याचा थोरपणा सांगणारं लेखन पुष्कळ मिळतं. दया झेलणाऱ्या बाईचं पुढे काय झालं, हे बघणारी नजर क्वचित.

दुसरी गोष्ट, रमाबाई तिथे गहिवरत नाहीत, प्रश्न विचारतात. या बायकांना जवळ घ्यावं असं तुम्हाला का वाटतं? उत्तर म्हणून जोगीण त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवते. प्रश्नामागे एक शास्त्री बसलेली आहे. त्याच साक्षीत थोडं आधी त्यांनी सांगितलंय, की संस्कृत ग्रंथांचं एरवी कशातही एकमत नसलं तरी स्त्रीची जात वाईट आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही, यावर मात्र आहे. ते ग्रंथ त्यांना तोंडपाठ होते. त्यामुळे फुलममध्ये त्या एका वचनाशेजारी दुसरं वचन ठेवून बघतात. श्रद्धा इथे भावनेच्या भरात येत नाही, वादातून येते.

मी अंबरनाथला आनंदनगरात राहतो. शेजारच्या उल्हासनगरात लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. फाळणीनंतर लष्करी छावणीत आणलेल्या सिंधी निर्वासितांची ही वस्ती. तिच्याबद्दल मराठीत मी जे वाचलं त्यात मदत करणारे भेटतात, निर्वासितांनी पुढे एकमेकांना कसं सावरलं ते फारसं भेटत नाही. रमाबाईंचं ते निरीक्षण मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

आता उणी बाजू. साक्ष लिहिली गेली घटनेनंतर चोवीस वर्षांनी आणि वाचक ख्रिस्ती, इंग्रजी जाणणारा. अशा लेखनात आधीचा प्रत्येक रस्ता शेवटच्या मुक्कामाकडेच वळवला जातो. पण १८८३ सालचं वाँटेज एवढं सरळ नव्हतं. रमाबाईंसोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच काळात तिथे आत्महत्या केली. बाप्तिस्म्यानंतरही त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून रमाबाई सिस्टर जेराल्डिनशी भांडत राहिल्या. ती पत्रं १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. साक्षीशेजारी ती ठेवली की कळतं, करुणा पटली म्हणून धर्मसत्ता पटली असं झालं नाही.

त्याहून बोचणारी उणीव म्हणजे फुलमच्या बायकांना ना नाव आहे, ना आवाज. एका धर्माच्या बाजूने त्या पुरावा म्हणून उभ्या राहतात. तुलनाही समान पातळीवरची नाही: एकीकडे हिंदूंचे ग्रंथ, दुसरीकडे ख्रिस्त्यांची कृती. त्या आश्रमाबाहेरच्या लंडननेच या बायकांना ‘पतित’ म्हटलं होतं, हे या युक्तिवादात कुठे बसतं?

तरीही हा आक्षेप मी शेवटचा मानत नाही. टीका त्या काळातही झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. १८९३ साली ‘केसरी’ने शारदासदनावर रान उठवलं, तेव्हा पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माबाबत तटस्थ राहू असं आश्वासन होतं. त्यामुळे त्या रागात नुसता आकस नव्हता, हेही मान्य करायला हवं. पण पुढे दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून मुली-बायका घेऊन आल्या, केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं आणि तिथल्या ‘कृपासदना’त फुलमसारख्याच बायकांना जागा मिळाली. सांभाळल्या गेलेल्यांपैकीच कित्येकजणी पुढे इतरांना सांभाळू लागल्या.

फुलममध्ये पाहिलेली गोष्ट रमाबाईंनी लिहिली १९०७ साली, केली मात्र त्याच्या कितीतरी आधी. लेखनात त्या बायका पुरावा झाल्या आहेत, कामात त्या माणसं राहिल्या. सेवेहून परतून लिहिणाऱ्या कुणाचंही कथन वाचताना मी आता एवढंच बघतो: ज्याच्यासाठी गेलो, तो पुढच्या पानावर कुणाला हात देताना दिसतो का?